एक पट्टी कमी

ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समध्ये अधिकाऱ्याचा हुद्दा बाहीवर दिसतो. मनगटाजवळ शिवलेल्या पट्ट्या मोजायच्या. ग्रुप कॅप्टनला चार, विंग कमांडरला तीन. १९४३ साली लेनर्ड चेशायर हा तिथला सगळ्यात कमी वयाचा ग्रुप कॅप्टन होता. वय पंचवीस, मार्स्टन मूर इथल्या प्रशिक्षण तळाचा प्रमुख. टेबल, खुर्ची, फायली, परेड, आणि मुख्य म्हणजे युद्ध संपेपर्यंत जिवंत राहण्याची बऱ्यापैकी खात्री. त्याला ते सोसेना. त्याला जर्मनीवर उडणाऱ्या स्क्वाड्रनमध्ये परत जायचं होतं, आणि स्क्वाड्रनचा प्रमुख विंग कमांडर असतो, ग्रुप कॅप्टन नव्हे. मग त्यानं एक पट्टी कमी करून घेतली आणि वर्षअखेरीस ६१७ स्क्वाड्रनचा ताबा घेतला. ही तीच स्क्वाड्रन, जिनं त्याच वर्षी मे महिन्यात जर्मनीतली धरणं फोडली होती.

बढती नाकारणारी माणसं आपल्याकडेही असतात. बहुतेकांचं कारण बदलीचं गाव असतं. हा माणूस मात्र जिथं मरण्याची शक्यता जास्त तिथली बदली मागत होता. ब्रिटिश बॉम्बर कमांडमध्ये युद्धाच्या काळात सव्वा लाखाच्या आसपास माणसं उडाली, त्यातल्या ५५,५७३ जणांचा जीव गेला. तीस मोहिमांची एक 'टूर' असे. ती पुरी केली की काही महिने सक्तीची विश्रांती. चेशायरच्या नावावर शेवटी शंभर मोहिमा लागल्या.

या माणसाकडे मी वळलो ते त्याच्या विमानांमुळे नाही. अंधेरी पूर्वेला महाकाली केव्हज रोडवर 'चेशायर होम' आहे, आणि मुंबईत अनेक वर्षं राहूनही मला वाटायचं की हे नाव कुठल्या तरी परगण्यावरून पडलं असावं, जसे आपल्याकडे रस्ते आणि तलाव जुन्या गोऱ्या साहेबांच्या नावानं चालत आलेत तसं. हे एका वैमानिकाचं आडनाव आहे आणि त्यानं इंग्लंडबाहेर काढलेलं पहिलं घर हेच, हे कळल्यावर मात्र मी त्याच्या मागेच लागलो.

तरुणपणी हा काही संत वगैरे नव्हता. जन्म १९१७ चा. वडील ऑक्सफर्डमध्ये कायद्याचे नावाजलेले प्राध्यापक, त्यांची पाठ्यपुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या वकिलांनी घोकली. मुलगाही मर्टन कॉलेजात कायदाच शिकला, पण त्याचं लक्ष वेगवान गाड्यांत आणि उधारीत. खिशात काही पेनी घेऊन ऑक्सफर्डहून पॅरिसला पोचून दाखवेन अशी त्यानं पैज लावली होती आणि ती जिंकलीही. बक्षीस काय, तर अर्धा पाइंट बीअर. विद्यापीठाच्या एअर स्क्वाड्रनमध्ये विमान चालवायला शिकला तेही बहुधा याच हौसेपोटी.

१९४० च्या नोव्हेंबरात कोलोनवर जाताना त्याच्या व्हिटली विमानाला तोफेचा गोळा लागला. आत ठेवलेला उजेड पाडायचा फ्लेअर पेटला, विमानाच्या अंगाला माणूस बाहेर पडेल एवढं भगदाड पडलं, वायरलेसवरचा पोरगा भयंकर भाजला. कॉकपिटमध्ये धूर, खाली शत्रूचा मुलूख. त्यानं विमान परत आणलं. वय तेवीस. छातीवर डीएसओचं पदक आलं, आणि तिथून त्याचं नाव होऊ लागलं.

पण मला त्याच्या धाडसापेक्षा पुढच्या गोष्टीत जास्त रस आहे. ७६ स्क्वाड्रनचा प्रमुख असताना त्याच्या हाताखाली हॅलिफॅक्स विमानं होती आणि ती भराभर पडत होती. वळताना मागचा रडर, म्हणजे दिशा बदलणारं सुकाणू, अडकायचा आणि विमान गिरकी घेऊन खाली जायचं. चेशायरनं वर अहवाल पाठवून वाट पाहत बसायचं सोडून पिच्छाच पुरवला. नाकावरचा आणि पाठीवरचा तोफखान्याचा घुमट काढून टाका, वजन उतरवा, वाऱ्याला होणारा अडथळा कमी करा, असा त्याचा धोशा होता. तळावरचे मेकॅनिक, इंधन भरणारे, बॉम्ब चढवणारे, यांची नावं तो पाठ करून ठेवायचा. ब्रिटिश सैन्यात अधिकाऱ्यानं खालच्या माणसाला नावानं हाक मारणं म्हणजे काय, हे आपल्या साहेबी कचेऱ्यांत ज्यांनी नोकरी केलीय त्यांना वेगळं सांगायला नको.

आणि एक पद्धत होती, जी वाचून मी थक्क झालो. विमानाची टोळी, म्हणजे क्रू, वरून नेमली जात नसे. प्रशिक्षण संपत आलं की पायलट, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेसवाला, गनर अशा सगळ्यांना एका मोठ्या हँगरमध्ये कोंडायचे आणि सांगायचे, आता तुमचं तुम्ही जमवा. विशी-बाविशीतली अनोळखी पोरं एकमेकांकडे बघत फिरायची. 'तुला गनर हवाय का रे?' या थाटाची विचारपूस व्हायची. कोणाचा चेहरा पटला, कोणी सिगारेट पुढे केली, कोणी एकाच गावचा निघाला. तासाभरात टोळ्या बनत. मग महिनोन्‌महिने ही माणसं एकमेकांच्या जिवावर जगत. जातीपातीच्या, वर्गाच्या पायऱ्यांनी भरलेल्या देशात हे असं घडत होतं. सार्जंट गनरनं डावीकडे वळ म्हटलं की लॉर्डाच्या मुलालाही मुकाट्यानं डावीकडे वळावं लागे, कारण मागचं फक्त गनरला दिसत असे. विमानात प्रवासी कोणी नव्हतं. जो होता तो काही ना काही करत होता.

हे ध्यानात ठेवलं की चेशायरचं नंतरचं आयुष्य मला जरा उलगडतं.

८ फेब्रुवारी १९४४ ची रात्र. फ्रान्समधल्या लिमोज गावात नोम-रोन कंपनीचा विमान-इंजिनांचा कारखाना जर्मनांच्या ताब्यात, आत रात्रपाळीला फ्रेंच कामगार. बारा लँकॅस्टर विमानं निघाली. चांदणं लख्ख होतं. खालच्या तोफा जवळजवळ नव्हत्याच, दोन मशिनगन तेवढ्या. चेशायर एकटा खाली उतरला आणि कारखान्याच्या छपरांवरून घोंघावत गेला. बॉम्ब टाकला नाही. वळला, परत आला, पुन्हा तसाच गेला. पुन्हा वळला. तीन फेऱ्या. एवढं अवजड विमान इतकं खाली तीनदा आलं की आतल्यांना काय ते कळावं, हा हिशेब. खाली माणसं पळू लागली. चौथ्या फेरीला त्यानं शंभर फुटांच्याही खालून पेटते बॉम्ब टाकून निशाणी केली. वर थांबलेल्या बाकीच्या अकरा विमानांनी प्रत्येकी बारा हजार पौंडांचा एकेक बॉम्ब टाकला. दहा कारखान्यावर पडले, एक शेजारच्या नदीत. कारखाना बंद पडला आणि कामगार जवळजवळ सगळे वाचले.

त्याच बॉम्बर कमांडनं हॅम्बुर्ग जाळलं, हेही लक्षात आहेच. चेशायरनंही शहरांवर बॉम्ब टाकलेत आणि त्याबद्दल त्यानं पुढे गळा काढलेला नाही. लिमोजची रात्र सांगून बाकीच्या रात्री पुसल्या जात नाहीत. पण कमी उंचीवरून नेमकी निशाणी करायची आणि नको तिथं बॉम्ब पडू द्यायचा नाही, या ध्यासामागे तो त्या काळात हात धुऊन लागला होता. त्यासाठी मोठं विमान सोडून आधी मॉस्किटो घेतलं, मग अमेरिकनांकडून एक मस्टँग मिळवलं. मस्टँग आलं त्याच दिवशी मोहीम होती. आधी कधी न चालवलेलं एकट्याचं विमान घेऊन हा गडी थेट मोहिमेवरच गेला आणि ते पहिल्यांदा जमिनीवर टेकवलं ते रात्रीच्या अंधारात.

व्हिक्टोरिया क्रॉस हा त्यांच्याकडचा परमवीर. तो बहुधा एखाद्या क्षणाच्या पराक्रमासाठी मिळतो. चेशायरला सप्टेंबर १९४४ मध्ये जाहीर झाला तो चार वर्षांच्या सलग कामासाठी. पदक घ्यायला राजवाड्यात गेला तेव्हा सोबत नॉर्मन जॅक्सन नावाचा वॉरंट ऑफिसर होता. वीस हजार फुटांवर विमानाच्या पंखाला आग लागली म्हणून हा जॅक्सन आग विझवायचं नळकांडं लाइफ जॅकेटमध्ये खुपसून चालत्या विमानातून बाहेर पंखावर उतरला होता. चेशायरची चौथी पट्टी तोवर परत आलेली. राजशिष्टाचाराप्रमाणे आधी ग्रुप कॅप्टन, मग वॉरंट ऑफिसर. चेशायरनं राजाला सुचवलं की यानं माझ्यापेक्षा जास्त धोका पत्करलाय, आधी याला द्या. राजाला नियम मोडता आला नाही. जॅक्सन ही आठवण पुढे सांगत राहिला.

आता नागासाकी. चेशायरबद्दल चार ओळी कुठंही वाचा, गोष्ट अशीच सांगितलेली असते: बॉम्ब टाकणारा वीर, त्यानं अणुबॉम्ब पाहिला, हादरला आणि सेवेला लागला. आपल्याला तर ही गोष्ट फारच सोयीची. वाल्याचा वाल्मीकी व्हायला एक नारद लागतो, इथं नारदाच्या जागी अणुबॉम्ब. ९ ऑगस्ट १९४५ ला ब्रिटनचा निरीक्षक म्हणून तो खरोखरच एका अमेरिकन विमानात होता. सोबत विल्यम पेनी हा शास्त्रज्ञ. पण त्यांचं विमान ठरल्या जागी बाकीच्यांना भेटलंच नाही, स्फोट झाला तेव्हा ते बरेच मैल दूर होते. तो ढग त्यानं लांबून पाहिला, लंडनला येऊन पंतप्रधान ॲटलींना अहवाल दिला. आणि अणुबॉम्बमुळे युद्ध थांबलं, लाखो जीव वाचले, हे मत त्यानं शेवटपर्यंत सोडलं नाही. अण्वस्त्रविरोधी चळवळीच्या लोकांना या माणसाचं काय करावं ते कधीच कळलं नाही. त्याचं हे मत मला पटत नाही. पण त्यानं आपल्या सोयीच्या गोष्टीत बसायला नकार दिला, हे मात्र आवडतं.

१९४६ मध्ये तो एअर फोर्समधून बाहेर पडला, मनानं खचलेला असा वैद्यकीय शेरा घेऊन. पुढं जे घडलं ते नाट्यमय अजिबात नाही. त्यानं एक वसाहत काढली. युद्धातून परतलेले, नागरी आयुष्यात कुठं बसू न शकणारे जवान आणि त्यांची कुटुंबं एकत्र राहतील, कसतील, कमावतील. नाव लॅटिन, अर्थ 'शांतीनं जा'. हॅम्पशायरमधला ले कोर्ट नावाचा अवाढव्य जुना वाडा त्यासाठी घेतला. मला वाटतं त्याला जमिनीवर तो हँगर पुन्हा उभा करायचा होता. तुमचं तुम्ही जमवा. पण हँगरमधल्या पोरांना त्याच रात्री कुठं जायचंय ते माहीत होतं. इथं मोहीमच नव्हती, नुसती टोळी होती. भांडणं झाली, हिशेब विस्कटले, कर्ज वाढलं. १९४७ संपेतो सगळं मोडलं आणि हा त्या भुतासारख्या वाड्यात कर्जासकट एकटा उरला.

तेव्हा हॉस्पिटलमधून निरोप आला. वसाहतीत पूर्वी राहिलेला, एअर फोर्समधलाच आर्थर डाइक्स कॅन्सरनं अखेरच्या टप्प्यात आहे. उपचार संपलेत, हॉस्पिटलला खाट रिकामी हवीय, त्याला जायला जागा नाही. चेशायरनं खटपट करून पाहिली, कुठं सोय होईना. शेवटी आर्थरला ले कोर्टवर घेऊन आला. शुश्रूषेतलं त्याला काही येत नव्हतं. अंग पुसणं, कूस बदलणं, माणसाला न उचलता चादर बदलणं, भांडं देणं, भांडं धुणं, हे सगळं तो जसं पडेल तसं शिकला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला माणूस, घरात दुसरं कोणी नाही, आणि रात्री एका मरणासन्न माणसाला घोट घोट पाणी पाजतोय. ऑगस्ट १९४८ मध्ये आर्थर गेला. तोवर नव्वदी ओलांडलेल्या एका आजीबाईंसाठी विचारणा आलेली होती. मग आणखी कोणी. आर्थरच्या श्रद्धेचा त्याच्यावर खोल परिणाम झाला आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी त्यानं कॅथलिक पंथ स्वीकारला.

इथं बाबा आमटे आठवल्याशिवाय राहत नाहीत. तेही कायदा शिकलेले, गाड्यांचे आणि शिकारीचे शौकीन, आणि साधारण त्याच सुमारास वरोऱ्याच्या एका पावसाळी संध्याकाळी गटाराकाठी पडलेला तुळशीराम त्यांना दिसला. दोघांची तुलना मी ओढूनताणून करणार नाही. आनंदवनाला स्वतःची शेतं होती, स्वतःचे हातमाग होते, आणि बाबांचा दयेवर राग होता. चेशायरचा तो नव्हता, निदान सुरुवातीला. पण दोघांनाही कामाला लावलं ते एका माणसानं. मोठा विचार नंतर आला.

सुरुवातीच्या ले कोर्टची वर्णनं वाचताना मजा वाटते. पगारी नर्सेस नव्हत्या, पैसे नव्हते. ज्याला बसता येई तो बटाटे सोली. ज्याला चालता येई तो न चालणाऱ्याला खायला नेऊन देई. टीबीतून उठलेला माणूस अर्धांगवायूच्या माणसाचा हात बने. छप्पर गळायचं, दुकानदार उधारी मागायला यायचे. पण प्रवासी कोणीच नव्हतं.

माझी आत्या शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होती. शाळेत शिक्षिका होती, आवाज खणखणीत. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली. घरात एअर मॅट्रेस आली, कमोडची खुर्ची आली, ब्युरोतून दिवसपाळीला मावशी येऊ लागल्या. सगळं वेळच्या वेळी आणि स्वच्छ. एक दिवस आत्यानं हट्ट धरला, मला मेथी निवडायला द्या. मावशी म्हणाल्या, आजी, राहू द्या, मी करते पटकन. आत्या म्हणाली, 'तुझं पटकन झालं की मी काय करू?' शेवटी उशांच्या आधारानं तिला बसवलं, मांडीवर पेपर पसरला, जुडी ठेवली. डाव्या हातानं एकेक काडी उचलायची, हनुवटीखाली धरायची, पानं खुडायची. निम्मी पानं चादरीवर. एका जुडीला दोन तास लागले. त्यानंतर रोज भाजी आधी तिच्या खोलीत जायची. कोणती भाजी आणायची हेही ती ठरवू लागली, मग भाजीवाल्याशी फोनवर घासाघीस, मग मावशींचा पगार ती मोजून देणार. त्यांना दुपारी तासभर झोपायची परवानगीही तिनंच दिली, आमच्या वहिनीला न विचारता. त्यावरून घरात थोडी कुरबूर झाली.

तर चेशायर. १९५० नंतर त्याला इंजिनिअर बार्न्स वॉलिसबरोबर कॉर्नवॉलमध्ये काम मिळालं. हा वॉलिस म्हणजे पाण्यावर टप्पे घेत जाऊन धरणं फोडणारा बॉम्ब बनवणारा. तिथल्या ओस तळावरच्या पडक्या बरॅकींत चेशायरनं दुसरं घर काढलं. नोकरी एकीकडे, रात्री रंगरंगोटी एकीकडे. मग १९५२ मध्ये त्याला स्वतःलाच टीबी झाला. दोन-अडीच वर्षं सॅनिटोरियममध्ये खाटेवर, फुफ्फुसावर शस्त्रक्रिया. इतरांना खाटेवर ठेवणारा आता स्वतः खाटेवर, कोणीतरी ठरवलेल्या वेळी खाणारा, कोणीतरी ठरवलेल्या वेळी दिवा मालवला जाणारा. त्या काळात त्यानं पत्रांचा धडाका लावला, आणि तो पडून असतानाही घरं वाढत राहिली. त्याची पद्धतच तशी होती. गावात यायचं, चार माणसं जमवायची, एखादी पडकी इमारत बघायची, पहिला रुग्ण आणायचा आणि समिती नेमून निघून जायचं. पैसे त्या गावानं उभे करायचे, घर त्या गावानं चालवायचं. बरा झाल्यावर त्यानं ट्यूरिनच्या कफनाची, म्हणजे येशूला गुंडाळलं होतं असं अनेक जण मानतात त्या वस्त्राची, छायाचित्रं लावलेली बस घेऊन इंग्लंडभर प्रदर्शन केलं, तेही त्याचं एक खूळ. खूळ नसलेल्या माणसाच्या हातून असली कामं होत असतील असं मला वाटत नाही.

भारतात तो याच सुमारास आला. युद्धाच्या शेवटी काही काळ कलकत्त्याच्या मुख्यालयात त्याची नेमणूक होती, त्यामुळं देश अगदीच परका नव्हता. १९५६ मध्ये अंधेरीचं घर सुरू झालं. तेव्हाची अंधेरी म्हणजे झाडी, खाणी आणि गावठाणं. एमआयडीसी, सीप्झ, मेट्रो हे सगळं नंतरचं. पुढे डेहराडूनला, दिल्लीला, बंगळूरला, कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला घरं निघाली. ५ एप्रिल १९५९ रोजी मुंबईच्या कॅथलिक कॅथेड्रलमध्ये त्यानं स्यू रायडरशी लग्न केलं. ही बाईही तोडीस तोड. युद्धात पोलंडच्या गुप्त मोहिमांतल्या लोकांबरोबर काम केलेली, युद्धानंतर छळछावण्यांतून जगून निघालेल्यांसाठी युरोपभर स्वतः गाडी हाकत फिरलेली. दोघांनी त्याच वर्षी डेहराडूनला 'राफाएल' सुरू केलं, कुष्ठरोगी आणि मतिमंद मुलांसाठी. लग्न मुंबईत का, याचं उत्तर सरळ आहे: काम इथं होतं.

घरं वाढली तशी अडचणही वाढली, आणि ती चेशायरच्या सगळ्यात लाडक्या घरातून आली. ले कोर्टला १९५४ मध्ये नवी इमारत झाली. नवी इमारत म्हणजे प्रशिक्षित नर्सेस, वेळापत्रक, गणवेश, व्यवस्थापन समिती. समितीवर गावातली भली माणसं. निवृत्त कर्नल, डॉक्टर, देणगीदार. बटाटे सोलणारे आता रुग्ण झाले. १९५६ मध्ये तिथं पॉल हंट नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा आला. स्नायू झिजत जाणारा आजार, आधीची वर्षं म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या वॉर्डात गेलेली. ले कोर्ट त्याला सुरुवातीला स्वर्ग वाटला असणार. पण विचार करणारं डोकं स्वर्गातही थांबत नाही. मी झोपायचं किती वाजता, हे नर्सनं का ठरवायचं? कोणाच्या खोलीत मी जावं, हे मेट्रननं का ठरवायचं? या घराच्या समितीत या घरात राहणाऱ्यांना जागा का नाही? रहिवाशांनी समितीत जागा मागितली, संशोधकांना बोलावलं, भांडणं केली. काही वेळा त्यांना घराबाहेर काढायच्या धमक्याही झाल्या.

२० सप्टेंबर १९७२ ला 'गार्डियन'मध्ये हंटचं एक छोटं पत्र छापून आलं. अशा संस्थांमध्ये राहणाऱ्या, किंवा उद्या राहावं लागेल अशा अपंगांनी एकत्र येऊन आपलं म्हणणं देशापुढं मांडावं, एवढंच आवाहन. या संस्थांना त्यानं जुन्या अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसच्या वारसदार म्हटलं होतं. त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेनं पुढं मांडणी केली की माणसाला अपंग करतो तो त्याचा आजार नव्हे, त्याला बाहेर ठेवणारा समाज. जिना म्हणजे अडथळा, पाय नव्हे. आज आपल्याकडच्या दिव्यांग कायद्यांत, रॅम्पच्या आग्रहात, लोकलच्या डब्यांच्या वादात जी भाषा येते तिचं मूळ बरंचसं तिथं आहे. आणि तिथं म्हणजे चेशायरच्या घरात.

हे वाचून कोणाला चेशायरची कीव येईल, कोणाला राग. मला दोन्ही वाटलं नाही. भल्या माणसाची संस्था काय होऊ शकते हे आपण गावोगावी पाहतो. स्थापनेच्या वेळी सतरंजी उचलणारे तीस वर्षांनी व्यासपीठावर बसतात आणि ज्यांच्यासाठी संस्था काढली ते समोर रांगेत भेटवस्तू घ्यायला. चेशायरनं एक गोष्ट मात्र बरी केली, त्यानं स्वतः कुठलीच खुर्ची घट्ट धरली नाही. घर गावाला देऊन टाकायची त्याची सवय होती. सत्तरच्या दशकात संस्थेनं लोकांच्या घरी जाऊन मदत द्यायला सुरुवात केली. म्हणजे माणसाला संस्थेत आणण्याऐवजी सोय माणसाकडं न्यायची. हा बदल संस्थेनं स्वतःहून केला की तिला तो करावा लागला, यावर आजही लोक भांडतात. मला वाटतं दोन्ही खरं आहे. रेटा नसता तर कोणतीच समिती हलत नाही, आणि हलायची तयारी नसती तर रेट्यानं ती फक्त मोडते.

चेशायरला पुढं मानसन्मान भरपूर मिळाले. १९८१ ला ऑर्डर ऑफ मेरिट, १९९१ ला लॉर्ड. सुमारे पन्नास देशांत घरं झाली. ३१ जुलै १९९२ ला तो गेला, स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या मोटर न्यूरॉनच्या आजारानं. म्हणजे शेवटी तोही व्हीलचेअरवर. त्या वर्षीच्या नाताळच्या भाषणात राणीनं त्याची आठवण काढली. हे सगळं ठीक.

मला त्यापेक्षा ले कोर्टमधलाच एक प्रकार जास्त महत्त्वाचा वाटतो. १९७९ च्या सुमारास तिथल्या काही रहिवाशांनी एक हिशेब मांडला. आपल्या खाटेपोटी नगरपालिका संस्थेला वर्षाला अमुक पैसे देते. ते पैसे आपल्याला दिले तर? आपण गावात भाड्यानं घर घेऊ आणि मदतनीस आपण ठेवू. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून त्यांनी या खटपटीला 'प्रोजेक्ट ८१' नाव दिलं. नुसती परवानगी मिळवायला काही वर्षं गेली. मग १९८३ च्या आसपास त्यातले काही जण एकेक करून खरोखर बाहेर पडले. जाहिरात त्यांनी दिली, मुलाखती त्यांनी घेतल्या. सकाळी किती वाजता यायचं, रात्री किती वाजता दिवा मालवायचा, कोणता मदतनीस पटला नाही, पगार किती द्यायचा, हे सगळं त्यांनी ठरवलं. मान वळवता येत नाही, हात उचलता येत नाही असा माणूस खुर्चीवर बसून समोरच्या धडधाकट उमेदवाराला विचारतो, तुला स्वयंपाक कितपत येतो, आणि उत्तर ऐकून म्हणतो, बरं, कळवतो.